माळ ओसाड नव्हता

(द्वितीय वर्ष, कला)

भूगोलाच्या तासाला वसाहतींचे प्रकार शिकताना खाणींच्या मुलखातली गावे येतात. जमिनीखाली काही सापडते, कोळसा, मँगेनीज, लोखंड, क्वचित सोने. मग कंपनी येते, रेल्वेचा फाटा येतो, चाळी उठतात, आठवडी बाजार भरू लागतो आणि दहा-वीस वर्षांत नकाशावर नवे नाव चढते. अशा गावाच्या जन्माचे कारण शोधायला फार डोके चालवावे लागत नाही. ते पायाखालीच असते. प्रमथनाथ बोस या भूगर्भशास्त्रज्ञाने १९०४ साली मयूरभंजच्या डोंगरातल्या लोहखनिजाची माहिती टाटांना कळवली, १९०८ मध्ये साक्ची या आदिवासी खेड्याजवळ कारखान्याचे काम सुरू झाले, १९१२ मध्ये पहिले पोलाद निघाले आणि १९१९ मध्ये साक्चीचे जमशेदपूर झाले. परीक्षेत पाच गुणांना एवढे पुरते.

हे शिकत असताना माझ्या मनात आपल्या भागाचा विचार येत होता. आपल्या पायाखाली काय आहे? वर मुरूम आणि खाली काळा कातळ. विहीर काढायची तर सुरुंगावाचून कुदळ चालत नाही. महाराष्ट्राची खनिजे कडेकडेने पडली आहेत. चंद्रपूर, नागपूर, भंडारा, गडचिरोली तिकडे, सिंधुदुर्गात रेडी, कोल्हापूरच्या पश्चिमेला डोंगरमाथ्यावर थोडे बॉक्साइट. जुन्या औंध संस्थानच्या वाट्याला मात्र दगड आणि दुष्काळ एवढेच आले. संस्थान तरी केवढे? बहात्तर गावे, तीही एका जागी नाहीत. आजच्या सातारा, सांगली, सोलापूर जिल्ह्यांत आणि पार विजापूरकडे तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली.

अशा या मुलखात, जिथे लोखंडाचा खडाही निघत नाही आणि कोळशाचा कणही नाही, तिथे १९१० साली लोखंडाचे गाव उभे राहिले. ते म्हणजे किर्लोस्करवाडी. भूगोलाच्या कोणत्याच प्रकारात ते नीट बसत नाही. म्हणूनच त्याच्या जन्माबद्दल चार शब्द लिहावेत असे वाटले. शाळेपासून ऐकत आलेल्या हकिगतीत मला खटकणारे काही आहे. ते बोलून टाकण्याची जागा आपल्या वार्षिकाखेरीज दुसरी नाही.

हकीगत बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर येथे जन्मले. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. बढतीच्या वेळी त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला जागा दिली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावात आले. आधी सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाच्या फाळाने जमिनीला विष चढते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे पहिले नांगर दोनेक वर्षे तसेच पडून राहिले. पुढे धंद्याला कुठे बरे दिवस येत होते तोच बेळगावच्या नगरपालिकेने वस्ती वाढवायची म्हणून कारखान्याची जागा सोडायला लावली. त्या वेळी औंधचे राजेसाहेब बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. १९०९ मध्ये ते गादीवर आले होते. त्यांनी कुंडल रोड या रेल्वे स्टेशनाजवळची बत्तीस एकर जमीन दिली आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. १० मार्च १९१० रोजी पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे घेऊन लक्ष्मणराव त्या माळावर उतरले. निवडुंग माजलेला, नागांचा सुळसुळाट. तो साफ करून कारखाना आणि वसाहत वसवली. स्टेशनाचे नावही पुढे किर्लोस्करवाडी झाले.

खाण नव्हती, मग लोखंड कुठून आले? विकत. बीड परदेशाहून यायचे. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा तो पुरवठा आटला. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर केले. दगडी कोळसा मिळेना तेव्हा लाकडी कोळशावर भट्टी पेटवली. तोफेचा नांगर होणे ही गोष्ट भाषणात फार छान वाटते आणि वक्ते ती सोडत नाहीत. मला तिच्यात दुसरेच काही दिसते. कुठून तरी धातू आणायचा आणि आपल्या हाताने तो गाळायचा, हा आपल्या भागाचा जुना गुणच असावा. आटपाडी, खानापूर, विटा या बाजूची माणसे सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. केरळात जा, तमिळनाडूत जा, उत्तरेत कुठल्याही शहराच्या सराफ कट्ट्यावर जा, मागच्या बोळात भट्टी लावून बसलेला माणूस आपल्याकडचा निघतो. सोन्याची खाण कोलारला. सोने गाळणारे हात मात्र दुष्काळी माणदेशाचे!

आता माझ्या मुद्द्याकडे येतो. ही हकीगत सांगताना दोन शब्द हटकून येतात. एक ‘ओसाड माळ’ आणि दुसरा ‘शून्यातून विश्व’. गॅदरिंगच्या भाषणात, निबंधात, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत हे शब्द इतक्यांदा वाचले आहेत की, त्यांचा अर्थ काय हे आपण विचारायचेच सोडून दिले आहे. माझे स्पष्ट मत असे की, हे दोन्ही शब्द खरे नाहीत. आणि ज्या गावाच्या जन्मकथेत पहिले वाक्यच खरे नाही, त्या कथेतून पुष्कळ माणसे बाहेर पडलेली असतात.

माळ म्हणजे काय हे शहरातल्या माणसाला सांगावे लागेल, पण आपल्या महाविद्यालयात निम्म्याहून अधिक मुले खेड्यांतून एस्. टी. ने येतात, त्यांना मी काय सांगू? माळावर धनगराची मेंढरे बसतात. गावाची ढोरे चरतात. बाया शेण गोळा करून शेण्या थापतात. तरवडाची साल चामडे कमवायला जाते. त्याच फड्या निवडुंगाची लाल बोंडे काटे झाडून पोरे खातात आणि दिवसभर जिभा लाल करून हिंडतात. सशाला वाघूर तिथेच लागते. ज्याच्याकडे सातबारा नाही त्याचे अर्धे पोट माळावर असते. सरकारी कागदात अशा जमिनीला ‘पड’ म्हणतात, कारण तिच्यातून सारा येत नाही. सारा येत नाही म्हणजे तिथे कोणी नाही, हा हिशेब कचेरीचा झाला. आपण तो जसाच्या तसा उचलून आपल्या निबंधात का लिहावा? नांगर न चाललेली जमीन रिकामी असते, असे धनगराला सांगून पाहा!

आणि शून्य म्हणावे तर ते कुठे होते? कुंडल रोडला स्टेशन होते. पुणे-मिरज रेल्वे त्याआधीच्या शतकातच झाली होती. तिचे भराव आणि खडी कोणा तरी वडार-बेलदारांच्या पाठीवरून आली असणार. राजेसाहेबांचे दहा हजार रुपये होते. हे दहा हजार कुठून आले, हा प्रश्न कोणी विचारत नाही. संस्थानाची तिजोरी म्हणजे शेतसारा. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे पाठोपाठ दोन दुष्काळ या भागाने भोगले होते, प्लेग वेगळाच. त्यातून उठलेल्या बहात्तर गावांच्या कुणब्यांनी भरलेल्या साऱ्यातून ती रक्कम झाली. त्या अर्थाने किर्लोस्करवाडीचे पहिले भागधारक हे शेतकरी आहेत. ना त्यांना कोणी विचारले, ना त्यांनी पावती मागितली.

गैरसमज होऊ नये म्हणून इथे थांबून सांगतो. बाळासाहेब पंतप्रतिनिधींबद्दल मला आदर आहे. ज्या काळात इतर राजे विलायतेच्या वाऱ्या आणि शिकारी करीत होते, त्या काळात या माणसाने सूर्यनमस्कार घातले, चित्रे काढली आणि जानेवारी १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने राज्यकारभार प्रजेच्या हाती दिला. १९४८ साली संस्थान विलीन झाले तेव्हा सोडून देण्यासारखे फारसे काही त्यांच्याकडे उरलेच नव्हते. लक्ष्मणरावांबद्दलही तेच. दोन वर्षे नांगर खपत नसताना नांगरच करत राहणारा माणूस सामान्य नव्हे. मोठ्या माणसांना लहान करण्यात मला रस नाही. त्यांच्या शेजारी उभी असलेली माणसे छायाचित्रातून कापली गेली आहेत, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता नावांचा प्रश्न. मी आमच्या वर्गात सहज विचारून पाहिले. संस्थापकाचे नाव सर्वांना आले. राजेसाहेबांचे नाव बहुतेकांना आले. पंचवीस कामगारांपैकी एकाचे नाव सांगा म्हटल्यावर वर्ग गप्प. दोष वर्गाचा नाही. जी हकीगत सर्वत्र फिरते तिच्यात जी नावे येतात ती अशी: लक्ष्मणरावांचे बंधू रामूअण्णा, ज्यांनी वसाहतीची आखणी आणि व्यवस्था पाहिली, यंत्रांचे जाणकार शंभोराव जांभेकर, हिशेब सांभाळणारे मंगेशराव रेगे, के. के. कुलकर्णी, शाळा अर्धवट सोडूनही कुशल यंत्रज्ञ झालेले अनंतराव फळणीकर. ही सगळी नावे घेण्यासारखीच आहेत. याच यादीच्या शेवटी आणखी दोन नावे येतात. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. दोघे दरोड्याबद्दल शिक्षा भोगलेले. लक्ष्मणरावांनी त्यांना वसाहतीचे राखणदार नेमले आणि त्यांनी ती राखण इमानाने केली.

ही यादी पुन्हा एकदा हळू वाचा. शंभोराव, मंगेशराव, अनंतराव. आणि मग पिऱ्या. पहिल्यांना आडनाव आहे आणि नावापुढे ‘राव’ आहे. शेवटच्या दोघांचे आडनाव म्हणजे त्यांची जात. ज्यांच्या भरवशावर सगळे गाव रात्री निजत होते, त्यांना शंभर वर्षांनंतरही आपण जातीच्या नावाने आणि एकेरीत ओळखतो. पिऱ्याला आई-बापांनी काही पुरे नाव ठेवले असेलच की! त्याच्याही घराण्याला आडनाव असेलच. लिहिणाऱ्याला ते विचारावेसे वाटले नाही, आणि वाचणाऱ्यांनाही ते चुकल्यासारखे वाटले नाही. इतिहासाच्या पुस्तकात एखाद्याला वगळणे हा एक प्रकार झाला. इथे तर नाव घेऊन वगळले आहे.

त्या काळात मांगवाड्यावर आणि रामोशीवाड्यावर काय गुदरत होते, हे अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ ही १९५९ ची कादंबरी वाचलेल्यांना सांगायला नको. वाटेगाव इथून लांब नाही. गावात चोरी झाली की आधी संशय त्या वस्तीवर. अशा दिवसांत दोन शिक्षा झालेल्या माणसांच्या हाती कारखान्याची राखण देणे हे धाडस होते आणि वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही हा दंडकही धाडसाचाच होता. हे मान्य केलेच पाहिजे. पण गोष्ट सांगताना आपण लक्ष्मणरावांच्या विश्वासाचे कौतुक करतो आणि थांबतो. ज्याने तो विश्वास सांभाळला त्याचे काय? जगाने चोर म्हटलेल्या माणसाला अंधारात, एकट्याने, उघड्या गोदामाजवळ उभे राहायचे आणि काही घडू द्यायचे नाही, याला काय लागते? माझ्या मते विश्वास टाकण्यापेक्षा तो निभावणे अवघड आहे, कारण टाकणारा चुकला तर त्याचा माल जातो, निभावणारा चुकला तर त्याच्या अख्ख्या जातीवरचा शिक्का पक्का होतो.

औंध संस्थानात असा दुसरा प्रयोगही झाला. १९३० च्या दशकात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची खुली वसाहत निघाली. भिंती नाहीत, बेड्या नाहीत, कैद्यांनी कुटुंबासह राहून शेती करायची. तिच्यावरूनच व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला, कथा ग. दि. माडगूळकरांची, म्हणजे माणदेशच्याच माणसाची. चित्रपटाचे नाव पाहा. डोळे जेलरचे आणि हात सहा कैद्यांचे! पाहणारा एक आणि राबणारे सहा, ही वाटणी नावातच झाली आहे. चित्रपट थोरच आहे, पण आपल्या भागातल्या सगळ्या जन्मकथा याच साच्यात ओतलेल्या आहेत की काय, अशी शंका मला येते.

साच्यावरून आमच्या घरची गोष्ट सांगतो. आम्ही जातीने सुतार. महाविद्यालयाची पायरी चढलेला घरातला मी पहिलाच. पणजोबा गावचे बलुतेदार होते. लाकडी नांगर, कुळव, पाभर, मोटेचे चाक हे त्यांचे काम, आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्याचा वाटा आणायचा. बाभळीचे लाकूड कुठल्या महिन्यात तोडले तर किडत नाही, कुठल्या वाकाचा नांगर कुठल्या रानात खोल जातो, ही त्यांची विद्या. लोखंडी नांगर आला आणि चांगला चालला. शेतकऱ्याचा फायदाच झाला, त्यात शंका नाही. पण आमची आजी सासऱ्यांकडून ऐकलेले एकच वाक्य पुन्हापुन्हा सांगायची, ‘‘नांगर लोखंडाचा झाला, तवा आपला खळ्यावरचा वाटा आटला.’’ लोखंडी नांगराच्या इतिहासात हे वाक्य मला अजून कुठे छापलेले दिसलेले नाही. शेतकऱ्याच्या अंधश्रद्धेवर नांगराने मिळवलेला विजय सर्वत्र दिसतो. फाळाने विष चढते असे म्हणणाऱ्या माणसाच्या पोटात आणखी कसली भीती होती? गावातल्या सुताराशी वर्षाचा व्यवहार मोडायचा, मोडलेला फाळ नीट करायला कुठे जायचे कळत नाही, पैसे रोख मोजायचे, आणि रोख तर घरात नाही. ही अंधश्रद्धा नव्हे, हा संसाराचा हिशेब आहे. आपण तो हिशेब समजून घेत नाही, हसून मोकळे होतो.

गंमत पुढेच आहे. लोखंडाच्या कारखान्याला सुतार लागतोच. आमचे आजोबा परिसरातल्या एका ओतशाळेत पॅटर्नमेकर होते. ज्यांनी ओतकाम पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बिडाची कोणतीही वस्तू आधी लाकडाची होते. सुतार तिचा हुबेहूब नमुना करतो. तो पेटीत ठेवून भोवती वाळू ठासतात, मग नमुना अलगद काढून घेतात, राहिलेल्या पोकळीत वितळलेले बीड ओततात. नमुना वाळूतून सुखाने निघावा म्हणून त्याच्या बाजूंना किंचित उतार द्यावा लागतो. आणि बीड थंड होताना आकसते, फुटाला साधारण एक अष्टमांश इंच. म्हणून नमुना तेवढाच मोठा करावा लागतो. पॅटर्नमेकरच्या हातातली पट्टीच वेगळी असते, तिचा इंच साध्या इंचापेक्षा जरासा थोर. आजोबा चौथी शिकलेले. पण हा हिशेब त्यांच्या बोटांत होता. ते म्हणायचे, ‘‘लोखंड शेवटी लाकडाचं ऐकतंय.’’ वस्तू तयार होऊन देशभर जाते, तिच्यावर कंपनीचे नाव उठावाच्या अक्षरांत असते. ती अक्षरेही सुतारानेच लाकडात कोरलेली असतात, उलटी-सुलटी नीट पाहून. नमुना मात्र फळीवर धूळ खात बसतो आणि काम संपले की बंबात जातो.

असे असूनही एकच बाजू का उरली? मला याचे एक साधे कारण दिसते. किर्लोस्करवाडीला स्वतःचा छापखाना होता. १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघाले, त्याचेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’, १९३४ मध्ये ‘मनोहर’. शंकरराव किर्लोस्करांनी या मासिकांतून अख्ख्या महाराष्ट्राला विचार करायला लावला, हे आपल्या मराठी विभागात शिकवतातच. एवढ्याशा वाडीतून निघालेली मासिके मुंबई-पुण्याची माणसे वाट पाहून वाचत. ज्या गावाकडे छापखाना आहे ते गाव आपला जन्म आपल्या शब्दांत लिहून ठेवते, आणि त्यात गैर काहीच नाही. पण पलीकडच्या वाड्यावस्त्यांकडे छापखाना नव्हता. त्यांच्याकडे आजी होती. आजी गेली की आवृत्ती संपली.

त्यातही बायांचे काय? ‘पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे’ असे आपण एका दमात म्हणतो. ‘कुटुंबे’ या शब्दात किती जणी आहेत? नागांच्या माळावर पहिली चूल पेटवणारी कोण होती? निवडुंग अजून पुरता तोडलेला नाही, पोर रांगते आहे, पाणी लांबून आणायचे आहे, अशा दिवशी तिने भाकरी थापली असेल. कारखाना १० मार्चला सुरू झाला हे ठीक. पण गाव सुरू झाले ते त्या चुलीने. तारीखच धरायची तर मी ती धरीन.

या विषयावर बोलताना आमच्या एका सरांनी मला अडवले. ते म्हणाले, ‘‘अरे, राबणारे हात सगळीकडे होते, माळही सगळीकडे होते. गाव मात्र तिथेच झाले. मग फरक कोणी केला?’’ प्रश्न बिनतोड वाटला. मी दोन दिवस त्यावर विचार केला. सरांचे म्हणणे खरे आहे, गाव सुरू होण्यापुरते. सुरू करायला एक वेडा माणूस लागतो. पण गाव सुरू होणे आणि गाव राहणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर खाणींच्या गावांकडे पाहिले की कळते. कोलारला जॉन टेलर आणि सन्स ही विलायती कंपनी १८८० मध्ये आली. १९०२ मध्ये शिवनसमुद्रहून तिथे वीज आली, मोठमोठ्या शहरांच्याही आधी. २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाण बंद झाली. गावाच्या जन्माचे कारण संपले. पुस्तकाच्या न्यायाने गावानेही संपायला हवे होते. पण माणसे तिथेच आहेत, पहाटेच्या गाडीने कामाला बंगळूरला जातात आणि रात्री परततात. आपल्या कऱ्हाडजवळची ओगलेवाडी पाहा. १९१६ साली ओगले बंधूंनी तिथे काचेचा कारखाना काढला, त्यालाही औंधच्या राजेसाहेबांचा हातभार होता. त्यांचा प्रभाकर कंदील घरोघर होता, आमच्या माळ्यावर अजून एक आहे. कारखाना बंद पडला, कंदील विझले, ओगलेवाडी आहे. किर्लोस्करवाडीचा कारखाना सुदैवाने आजही चालू आहे, पंप देशापरदेशांत जातात. तरी गाव कशाने टिकते याचे उत्तर ओगलेवाडीनेच दिले आहे. संस्थापक गेल्यावर, कधीकधी कारखानाही गेल्यावर, जे मागे राहतात ते गाव असते. मग जन्मकथेत त्यांना जागा का नको?

कुंडलचीच गोष्ट घ्या, तेही औंध संस्थानातलेच गाव. १९४३ साली ७ जूनला शेणोलीजवळ सरकारी पगाराचा पैसा नेणारी गाडी तुफान सेनेने लुटली, जी. डी. बापू लाड यांच्या नेतृत्वाखाली. त्यात सामील असलेल्या साध्यासुध्या शेतकऱ्यांच्या पोरांची नावे या भागातली म्हातारी माणसे नातवंडांना सांगत आली, म्हणून ती टिकली. ती सांगायला छापखान्याची वाट कोणी पाहिली नाही. तोच लोहमार्ग, तीच माती. मग बिडाच्या भट्टीसमोर उभ्या राहिलेल्यांची नावे कोणी का सांगत नाही? बंदूक धरणे हा पराक्रम आणि कलथा धरणे हा नुसता पोटाचा धंदा, अशी आपली समजूत तर नाही ना?

बी. ए. करून काय करणार, हा प्रश्न मला गावात रोज एक माणूस विचारतो. आय. टी. आय. केलेले माझे मित्र पुणे-चाकणला लागले, काही जण गलाईच्या दुकानांत परमुलखी गेले. मला त्यांचा हेवा वाटत नाही असे म्हणणे खोटे होईल. पण वर सांगितलेली कामे कोणी तरी करायची आहेत, आणि ती लेथ मशीनवर होणार नाहीत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दरवर्षी रस्ते झाडतो, शोषखड्डे खणतो. एखादे वर्ष आसपासच्या गावांत जाऊन सत्तर-ऐंशीच्या घरातल्या माणसांजवळ बसलो आणि त्यांचे आजे-पणजे कुठल्या भट्टीवर, कुठल्या भिंतीच्या कामावर, कुठल्या राखणीवर होते हे लिहून काढले, तर काय बिघडेल? इतिहास विभागाने यात लक्ष घालावे अशी माझी विनंती आहे. ही माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

मी माझ्यापुरती सुरुवात केली आहे. दिवाळीच्या सुटीत आजोबांच्या बरोबरीच्या चौघांना भेटलो. दोनशे पानी वहीत आजवर सात नावे झाली आहेत. त्यांतली तीन पूर्ण आहेत, आडनावासकट. तिघांची नुसती पहिली नावे मिळाली. सातवी एक बाई आहे, पहिल्या कामगारांपैकी एकाची बायको. तिचे नाव सांगणाऱ्यांनाही आठवेना; सगळे तिला थोरल्या मुलाची आई म्हणूनच ओळखत. तिच्यासाठी मी ओळ कोरी सोडली आहे. ग्रंथपाल सरांनी ती वही वाचनालयाच्या खिडकीपाशी ठेवायला परवानगी दिली आहे. पेन दोरीने बांधलेले आहे.